बिनक्लचच्या गाडीची ट्रायल

सहा माणसांनी ढकलत ती गाडी आमच्या गॅरेजच्या फाटकातून आत आणली तेव्हा स्टीअरिंगवर रंगराव साळोखे बसला होता आणि त्याचा डावा पाय खाली काहीतरी चाचपडत होता. "क्लच कुठाय हिचा?" त्यानं काच खाली करून विचारलं. मग त्यानं मान खाली घालून नीट बघितलं आणि म्हणाला, "दोनच पायडल हायेत की. तिसरं कुणी काढून नेलं काय?"

सगळे हसले. मी काठी भिंतीला टेकवली आणि उघड्या दारातून वाकून बघितलं. एक ब्रेक आणि एक ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचे. डाव्या पायाला त्या गाडीत काही कामच नव्हतं. तोंडावरचं कुणाला दिसू नये म्हणून मी पाने शोधायचं निमित्त करून बाजूला झालो.

ही १९८१ सालची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली गोष्ट. मी भूपाल मगदूम, तेव्हा चौतीस वर्षांचा. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाढायचा थांबला. तो नुसता बरोबर यायचा, भार घ्यायचा नाही. पण हात शाबूत होते, आणि बोलायचंच तर शाबूतपेक्षा जरा जास्तच. दस्तगीर मुजावर यांच्या गॅरेजात मी चौदा वर्षं गिअरबॉक्स बांधत होतो. ट्रकचा म्हणा, जीपचा म्हणा, दातांचा आवाज ऐकून कुठला दात गेलाय ते मी न खोलता सांगायचो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनंच सांगतोय, पण खरं आहे.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. दस्तगीरचाचांना ती त्यांच्या उस्तादानं घालून दिलेली. दुरुस्त झालेल्या गाडीची ट्रायल जो घेईल तो त्या गाडीचा मिस्त्री. नारळ त्यानं फोडायचा, जोतिबाच्या डोंगरावर गाडी चढवून आणायची, परत येऊन फाटकात सगळ्यांसमोर किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाईक पेढा भरवायचं आणि तिथून पुढं त्याला मिस्त्री म्हणायचं. ज्यानं खोललं त्यानंच घाटात चालवावी, म्हणजे बोल्ट आवळताना हात हयगय करत नाही, असा त्यातला हिशेब. रीत चांगलीच होती. माझ्यापुरती तेवढी वाईट होती. क्लच दाबायचा तर डावा पाय लागतो, आणि तो माझ्याकडं नव्हता. मी बांधलेल्या प्रत्येक गाडीची ट्रायल रंगराव घ्यायचा. चौदा वर्षांत माझ्या हातचे सगळे गिअरबॉक्स रंगराव मिस्त्रीचे झाले, आणि मी नुसता भूपाल राहिलो. रंगराव मनानं वाईट नव्हता. अर्धा पेढा आठवणीनं माझ्यासाठी ठेवायचा. तो अर्धा पेढा माझ्या घशाखाली कधी नीट उतरला नाही.

तर ही गाडी. १९५६ सालची अमेरिकन, पुढचं बॉनेट एवढं लांब की आमच्या शेडचं दार लागेना. मालक अष्टेकर वकील, सत्तरीचे, काळी टोपी घालणारे, पत्र लिहावं तसं मोजून बोलणारे. कुठल्याशा जहागीरदारांच्या लिलावात त्यांनी ती हौसेनं घेतली होती. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. पण आत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आपोआप गिअर बदलणारा, आणि तो आजारी. पहिल्यातून दुसऱ्यात जायलाच तयार नसायचा, मनात आलं तर जायचा. रस्त्यात आणखी मोडायला नको म्हणून वकिलांनी ती ढकलतच आणवली होती. दोन गॅरेजांनी तो खोलून, साफ करून परत बसवला होता आणि दर वेळी गाडी आधीपेक्षा वाईट होऊन परत आली होती.

चाचांनी बॉनेट उघडून बघितलं, बंद केलं आणि रोखठोक सांगितलं, "वकीलसाहेब, हा डबा काढून टाकू. साधा गिअरबॉक्स बसवू, क्लच लावू. अशा चार गाड्या आम्ही केल्यात. वीस वर्षं बघायला नको."

वकिलांनी टोपी काढून परत घातली. त्यांना ते पटलेलं नव्हतं, पण तेही कंटाळले होते. ते 'बरं' म्हणायच्या बेतात होते. आणि इकडं माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, की आपल्या उभ्या जन्मात आपल्याला चालवता येईल अशी एकच गाडी ह्या फाटकातून आत आली आहे आणि उद्या आपल्याच हातानं तिच्यात क्लच बसवायची पाळी येणार.

"चाचा, मला आठ दिवस द्या," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी सहसा गिऱ्हाइकापुढं तोंड उघडत नसे. "तू कधी खोललायस असला?"

"न्हाई. पण तो माणसानंच बांधलाय की."

रंगराव हसला. वकील मात्र हसले नाहीत. आठ दिवसांची मुदत मान्य, नवव्या दिवशी साधा गिअरबॉक्स, असं त्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काखेत मारून ते स्वतःच आले. माझं शिक्षण नववीपर्यंत. आकृत्या मला कळायच्या, अक्षरं वकिलांना. मग रोज पाच वाजता ते स्टुलावर बसून मला पुस्तक मराठीत सांगायचे, आणि सांगायचे तेही कायद्याचं कलम सांगावं तसं. "भाग तीन, कलम अकरा. सदर स्प्रिंग काढतेवेळी ती उडून जाणार नाही याची खबरदारी घ्यावी." मी खाली पाटावर बसून एकेक वस्तू ताटात मांडत जायचो. काही कलमं मला अगदीच फालतू वाटायची, हात कसे धुवा, पुसायचं कापड कसलं घ्या. चौदा वर्षं गाड्या पुसलेल्या माणसाला हे काय शिकवणार? "हे राहू द्या, पुढं चला," मी म्हणायचो, आणि वकील नाखुशीनं पान उलटायचे.

आत बघितलं आणि त्या बांधणाऱ्याला मी मनापासून नमस्कार केला. बॉक्सच्या पोटाला ॲल्युमिनिअमची एक जाड पाटी, तिच्यात तेलाच्या पन्नासएक बारीक वाटा. त्या वाटांमधून पेन्सिलीएवढे पोलादी दांडे मागंपुढं सरकतात, तेल कुठं जायचं ते ठरवतात, आणि तेल जिकडं जाईल तो गिअर पडतो. माणसाच्या पायाचं काम तिथं तेल करत होतं. मला त्या तेलाचा फार अभिमान वाटायला लागला.

आतल्या चकत्या झिजल्या होत्या. मोटरसायकलच्या क्लचच्या चकत्यांना बुचाचं अस्तर लावणारा एक कारागीर आमच्या गल्लीतच होता, त्यानं त्या नव्या करून दिल्या. रबराची सीलं ऑइल इंजिनवाल्यांकडून कापून आणली. उद्यमनगरात काय मिळत नाही? आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता आरटीओत जाऊन आलो. घरी पद्मलला, म्हणजे माझ्या बायकोला, तेवढं सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडी तर चालू दे. तिचं म्हणणं बरोबरच होतं.

सहाव्या दिवशी दुपारी गाडी बांधून झाली. तेल भरलं. चाचा, वकील, रंगराव, सगळे जमले. रंगरावनं सुरू केली, स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा पुढं सरकवला, गाडी हलली. माझा ऊर भरून आला. त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि इंजिन नुसतं कोकलतंय, कोकलतंय. दुसरा गिअर पडेना. आधी निदान मनात आलं तर पडायचा, आता ते मनातही येईना.

रंगराव उतरला आणि हात झटकत म्हणाला, "भूप्या, ह्या म्हातारीला आता साधी सून आणू दे." लोक हसले. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. साध्या गिअरबॉक्सचं मोजमाप उद्याच घेऊ असं ते वकिलांना म्हणाले, आणि वकिलांनी पुस्तक मिटून काखेत घेतलं. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. त्या मिटलेल्या पुस्तकाचं वाटलं.

सगळे जेवायला गेले. मी जेवणाचा डबा उघडला नाही. गाडी शेडमध्ये उभी होती, किल्ली तशीच लटकत होती. हरलेली असली तरी ती पहिल्यात पुढं जात होती आणि रिव्हर्समध्ये मागं येत होती. म्हटलं, हिच्यात क्लच बसायच्या आधी एकदा बसून तरी बघावं. काठी मागच्या सीटवर टाकली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, उजवा ब्रेकवर ठेवला. दांडा सरकवला आणि पाय हळूच सोडला. आमच्या शेडमध्ये चाळीस फूट मोकळी जागा. चाळीस फूट मी पुढं गेलो, चाळीस फूट मागं आलो. परत पुढं, परत मागं. किती वेळा ते मोजलं नाही. जमीन माझ्याखालून पळत होती आणि मी बसल्या जागी बसलो होतो. चौतीस वर्षांत मी स्वतःहून एवढ्या वेगानं कधी कुठं गेलो नव्हतो. चाळीस फुटांनी माझी भूक भागेना, उलट खवळली. माणसं जेवून परत यायच्या आत मी गाडीखाली घुसलो होतो.

अख्खा बॉक्स उतरवायची गरज नव्हती. खालची तेलाची थाळी काढली की ती वाटावाटांची पाटी हाताशी येते. पाटी सोडवली, दांडे एकेक करून बोटानं सरकवून बघितले. बाकी सगळे सरळ सरकत होते. दुसऱ्या गिअरचा दांडा अर्ध्यात अडकला. तो बाहेर ओढला आणि उजेडात धरला. त्याला एक पांढरा धागा चिकटला होता, नखाएवढा, केसापेक्षा थोडा जाड. सुती.

मी त्या धाग्याकडं बघतच बसलो. मग हातातल्या बोळ्याकडं बघितलं. आमच्याकडं बनियनच्या कापडाच्या चिंध्या पोत्यानं यायच्या, सगळं उद्यमनगर त्याच वापरतं. प्रत्येक भाग मी त्या चिंधीनं तीन-तीनदा पुसला होता, आरशासारखा लखलखीत केला होता, आणि प्रत्येक वेळी चिंधी आपले धागे आत सोडून आली होती. गाळणी काढून उलटी केली तर तिच्यावर पांढरा लगदाच बसलेला. तो एकट्या माझा नव्हता. माझ्या आधीच्या दोन्ही गॅरेजांनीही हेच केलं होतं. जो जो जास्त काळजीनं पुसायचा, तो तो गाडीला जास्त आजारी करायचा. ट्रकच्या गिअरबॉक्सला असल्या शंभर धाग्यांची पर्वा नसते. ह्याला एक पुरे होता.

चाचा हात धुऊन आले, त्यांना मी धागा दाखवला. त्यांनी तो बोटावर घेतला, चष्मा लावून बघितला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे आपण पुसून पुसून मारली हिला."

"अजून मेली न्हाई चाचा. दोन दिवस हायेत."

संध्याकाळी वकिलांना निरोप धाडला. त्यांनी येऊन पुस्तक उघडलं आणि भाग चार, कलम सात मला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं, की धागे सोडणारं कापड कदापि वापरू नये. आधी दोनदा त्यांनी ते वाचलं होतं आणि दोनदा मी त्यांना पुढं चला म्हणालो होतो. ते एवढंच म्हणाले, की माझे अशीलही असंच करतात.

सातव्या दिवशी मी शेडच्या कोपऱ्यातून चिंधीचा तुकडानतुकडा बाहेर काढला. जमिनीवर पाणी शिंपडलं, अंगातला सदरा काढून ठेवला. सगळे भाग पेट्रोलनं धुतले आणि हवेच्या नळीनं वाळवले. पुसायचं काही लागलंच तर पद्मलची अबोली रंगाची नायलॉनची साडी होती. ती मागताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण भावानं दिलेली साडी होती. तिनं आधी चांगली दोन वाक्यं सुनावली, मग स्वतःच फाडून दिली. दिवसभर गॅरेजात टिंगलीला ऊत आला होता. कुणी विचारायचं साडीवर ब्लाऊजपीस मिळालं का, कुणी विचारायचं ओटी कधी भरणार. मी मान वर केली नाही. पाटी नुसती तिरकी धरली की दांडे आपल्या वजनानं सरकत खाली यायला लागले, तेव्हा मला कळलं की झालं.

आठव्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळे फाटकात जमले. अष्टेकर वकील काळ्या कोटात आले होते. रंगरावनं केस पाण्यानं बसवले होते. त्यानं सवयीनं दार उघडलं, आत बसला आणि आरसा स्वतःच्या तोंडाला लावून घेतला. मी काठी टेकत दाराशी गेलो.

"रंगराव, उतर."

"का रं? काय राहिलं काय?"

"राहिलं न्हाई. ट्रायल मी घेणार."

रंगराव म्हणाला, "ट्रायल रोज मीच घेतो की भूपाल."

"रोजच्या गाडीला क्लच असतो."

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं. मग खाली त्या दोन पायडलांकडं. आठ दिवस त्याच्या नाकासमोर असलेली गोष्ट त्याला आत्ता दिसली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच बदलला. तो उतरला आणि दार माझ्यासाठी धरून उभा राहिला.

"परवाना?" मागून वकिलांचा आवाज आला. गाडी त्यांची होती, विचारायचा हक्क त्यांचा होता. मी खिशातून घडी काढून दिली. वकिलांनी चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी वाचली. "शिकाऊ परवाना. फक्त बिनक्लचच्या वाहनासाठी. दिनांक मुदतीच्या तिसऱ्या दिवसाचा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "म्हणजे गाडी बांधून व्हायच्या आधीच काढलात. शेजारी पक्का परवानाधारक लागेल, मगदूम. आणि 'एल'ची पाटी."

चाचा पलीकडच्या दारानं आत जाऊन बसले. पुठ्ठा शोधून त्यावर लाल रंगानं 'एल' काढून आणला तो रंगरावनं. संस्थानी थाटाच्या त्या गाडीच्या पुढच्या बंपरला तो पुठ्ठा सुतळीनं बांधलाही त्यानंच. नारळ मी फोडला. वकील मागच्या सीटवर बसले.

गाडी फाटकातून बाहेर काढली. चाळीस फूट संपले आणि रस्ता चालू झाला. पाय दाबत गेलो. इंजिनाचा आवाज चढायला लागला, चढतच राहिला. चाचांनी डोळे मिटले होते. ते गाडी नेहमी कानानं बघायचे. आवाज अजून चढला आणि मग, एखाद्यानं गपकन ओझं खाली ठेवावं तसा, एकदम उतरला. गाडी मऊ पळायला लागली. चाचांनी डोळे न उघडता दोन बोटं वर केली. स्टेशनच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी तीन बोटं वर केली. म्हाताऱ्याच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. माझ्याही आलं होतं, पण मला डोळे मिटता येत नव्हते.

पंचगंगेचा पूल ओलांडला. बैलगाडीवाले, सायकलवाले वळून बघत होते, कुणी गाडीकडं, कुणी त्या पुठ्ठ्याकडं. जोतिबाच्या चढाला पुढं एक भरलेली एसटी रखडत चालली होती. चाचा म्हणाले, मागंच राहू. मी पुढचा रस्ता नीट बघितला, सरळ होता, समोरून काही येत नव्हतं. पाय खालपर्यंत दाबला. पुस्तकात लिहिलं होतं, तेल आपोआप खालचा गिअर टाकील. तेलानं तो टाकला. गाडीनं पाठीला धक्का दिला आणि आम्ही एसटीच्या शेजारून वर निघून गेलो. खिडकीतल्या एका म्हातारीनं आम्हाला हात जोडले. गाडीला जोडले की जोतिबाला, ते सांगता येणार नाही, पण मी हॉर्न वाजवून तिला उत्तर दिलं. चौदा वर्षं ह्या डोंगराच्या नुसत्या गोष्टी ऐकल्या होत्या. कुठल्या वळणाला गिअर उतरवायचा ते मला रंगरावपेक्षा जास्त पाठ होतं. त्या दिवशी एकेक वळण समोर येत गेलं, आणि मी त्याला ओळखत गेलो.

वर देवाला लांबून हात जोडले, गाडीखाली वाकून बघितलं. तेलाचा थेंब नव्हता.

आमच्या गल्लीत वळलो तेव्हा फाटकाशी वीस-पंचवीस माणसं उभी होती. शेजारच्या फाउंड्रीतले लोकही काम टाकून आले होते. रंगराव सगळ्यांच्या पुढं उभा राहून, ट्रकला दाखवतात तसं दोन्ही हातांनी गाडी आत घ्यायची खूण करत होता. पद्मलही आली होती, पदर खोचून. आता ब्रेक दाबायचा, वळवायचं, थांबायचं, किल्ली द्यायची. ह्याच क्षणासाठी मी चौदा वर्षं जळलो होतो. पाय ब्रेकवर न्यायचा होता. गेला नाही. तो ॲक्सिलरेटरवरच राहिला आणि फाटक बाजूनं निघून गेलं, रंगरावचे वर केलेले हात निघून गेले, पद्मलचं उघडं राहिलेलं तोंड निघून गेलं.

"भूपाल," चाचा म्हणाले, "फाटक मागं राहिलं."

"माहीत हाय चाचा."

चाचांनी मागं वळून मालकाकडं बघितलं. अष्टेकर वकील टोपी मांडीवर घेऊन, उघड्या खिडकीच्या वाऱ्यात पांढरे केस उडवत आरामात बसले होते.

"चालू द्या, मिस्त्री," ते म्हणाले. "टाकी भरलेली आहे."